बेटावरच्या विजेचा हिशेब आणि आपली कडक भाकरी

नमस्कार मंडळी. आपल्याकडं प्रोजेक्ट रिपोर्ट बऱ्याचदा शेवटाकडून लिहायला घेतात. आधी अनुदान बघायचं. पीएमएफएमई, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. मग ते पूर्ण मिळावं म्हणून प्रकल्प साडेअठ्ठावीस लाखांवर नेऊन बसवायचा, त्यात मावतील तेवढी मशीनं घालायची आणि मशीनं चालतील एवढी विक्री कागदावर दाखवायची. बँकेला आकडे जुळलेले दिसतात. हा धंदा करावा का, हे मात्र कुणी विचारलेलंच नसतं.

तो प्रश्न विचारणं म्हणजे फिजिबिलिटी, आणि बिझनेस प्लॅन त्याच्या नंतर येतो. फिजिबिलिटीचं उत्तर 'नको' असं येऊ शकतं. येऊच शकत नसेल, तर तो अभ्यास नाही, नुसती सही आहे.

हे समजून घ्यायला आज बेटांवर जाऊ. हसू नका, समुद्र सोलापूरपासून लांब आहे हे मलाही माहीत आहे. पण बेटावर गिऱ्हाईक मोजकं, प्रत्येक वस्तूला बोटीचं भाडं आणि बिघाड झाला तर मेकॅनिक लगेच येत नाही. करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर राहणाऱ्यांना यातलं निम्मं सांगायलाही नको.

[पडद्यावर नकाशा: स्कॉटलंडचा पश्चिम किनारा]

हे एग बेट. इथल्या रहिवाशांनी 1997 साली निधी उभारून, ट्रस्ट करून अख्खं बेट जमीनमालकाकडून विकत घेतलं. किंमत 15 लाख पौंड, आणि तेव्हा वस्ती साधारण 65 माणसांची. मुख्य भूमीची वीज तिथं पोचलेली नव्हती. घरोघरी डिझेल जनरेटर, आणि ते डिझेलही बोटीनं यायचं.

सरळ उपाय काय? समुद्राखालून केबल. पण एवढ्या थोड्या घरांसाठी तो खर्च झेपणारा नव्हता. मग बेटावरच काय आहे ते बघितलं. ओढ्याचं पाणी आहे, वारा आहे, उन्हाळ्यात लांबलचक दिवस आहेत. हिवाळ्यात पाऊस-वारा भरपूर, तेव्हा ऊन कमी. उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा सौर पॅनेल कामाला येतात. एकाची तूट दुसरा भरतो. जोडीला बॅटऱ्या, आणि अगदीच अडलं तर डिझेल. फेब्रुवारी 2008 मध्ये ही वीज सुरू झाली.

आता खरी गंमत ऐका. प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉट, व्यवसायाला 10. त्याच्या वर गेलात की वीज बंद. म्हणजे किटली, वॉशिंग मशीन, हीटर सगळं एकदम लावायचं नाही. लोकांनी हे मान्य केलं म्हणून यंत्रणा छोटी राहिली आणि छोटी राहिली म्हणून परवडली. मर्यादा घातली नसती, तर दिवसातल्या एखाद्या तासाच्या गर्दीसाठी कितीतरी मोठी यंत्रणा उभारावी लागली असती. उलट वीज जास्त झाली तर ती वाया जात नाही, तिच्यावर गावाचा हॉल गरम होतो. दुरुस्तीसाठी बेटावरचीच काही माणसं शिकवून तयार केली. हे सगळं आधी गावानं एकत्र बसून ठरवावं लागतं, सीएच्या एक्सेलमध्ये ते आपोआप येत नाही.

त्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या गिगा बेटाचं एवढंच सांगतो. त्यांनी तीन जुन्या, वापरलेल्या पवनचक्क्या घेतल्या आणि त्या निकामी होतील तेव्हा नव्या घेण्यासाठी उत्पन्नातून पैसे बाजूला ठेवायचं सुरुवातीलाच ठरवलं. आपल्याकडं घसारा, म्हणजे मशीनची वर्षागणिक होणारी झीज, ताळेबंदात लिहितात, पण मशीन बंद पडतं तेव्हा डब्यात पैसे नसतात.

एक आपल्या देशातलं. लक्षद्वीपच्या कवरत्तीला 2005 पासून समुद्राच्या पाण्यातून रोज सुमारे एक लाख लिटर गोडं पाणी काढणारा प्रकल्प आहे. वरचं पाणी कोमट, खोलवरचं गार, त्या फरकावर तो चालतो. तिथं किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून गार पाण्याचा पाइप आखूड पुरतो. तेच मशीन मुंबईच्या किनाऱ्यावर आणलं तर? तिथं समुद्र लांबवर उथळ आहे. पाइप टाकता टाकताच भांडवल संपेल. दुसऱ्याचा चाललेला प्रकल्प उचलून आणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. आपल्या जिल्ह्यात असे बरेच आहेत, नावं घेत नाही.

आता बायकांच्या बचत गटाचं कडक भाकरीचं युनिट घ्या. ज्वारी मंगळवेढ्याची, भाकरी टिकाऊ, सगळं बरोबर. पण मशीन तासाला किती भाकऱ्या काढतं हे नंतर विचारा. आधी बघा, पंढरपूरची वारी सोडून उरलेल्या महिन्यांत माल कोण घेतो? दुकानदार उधारी किती दिवस ठेवतो? प्रवासात किती भाकऱ्या मोडतात? ज्वारी महागली तर पाकिटाची किंमत वाढवता येते का? आणि गटातल्या पंधरा बायकांपैकी पेरणी-काढणीच्या दिवसांत भट्टीपाशी नक्की किती उभ्या राहतात?

ही उत्तरं कागदावर आल्यावर विक्री निम्मी धरून एकदा बँकेचा हप्ता कागदावरच भरून बघा. भरला जात नसेल तर मशीन लहान घ्या, किंवा आधी दोन हंगाम हातानं थापून विका. अनुदान थोडं कमी मिळेल. मिळू दे.