बांबूच्या पेरातले कागद

श्रोतेहो, नमस्कार.

१६८१ सालचा मे महिना. पनामाच्या जंगलातून चाळीसेक चाचे पायी परत निघाले होते. पावसानं नद्या फुगलेल्या. पलीकडे दोर न्यायचा म्हणून जॉर्ज गेनी नावाचा एक गडी पाण्यात उतरला. लुटीच्या वाट्यातली ३०० चांदीची नाणी त्यानं पाठीशी बांधली होती. दोराचा गुंता झाला, गडी उलटा झाला आणि त्या चांदीसकट वाहून गेला. त्याच टोळीत तिशीचा विल्यम डॅम्पियर होता. त्याच्याजवळ बांबूचं एक मोठं पेर होतं. दोन्ही तोंडं मेणानं बंद केलेली, आत रोजच्या टिपणांचे कागद. नद्या पोहून ओलांडल्या तरी कागद कोरडे राहिले.

हा माणूस इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या ईस्ट कोकर गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १६५१चा. पृथ्वीला तीन फेऱ्या मारल्या. त्यातली पहिली चाचांच्या संगतीत, पुढच्या दोन बऱ्याचशा 'प्रायव्हेटीअर' म्हणून. प्रायव्हेटीअर म्हणजे राजाचा परवाना खिशात ठेवून शत्रूची जहाजं लुटणारा. परवाना नसला की तोच चाचा! आपले सरखेल कान्होजी आंग्रे कोकणच्या समुद्रात जहाजांकडे दस्तक, म्हणजे जाण्याचा परवाना, मागत, म्हणून इंग्रजांनी त्यांना सरळ चाचा ठरवलं. डॅम्पियर मात्र लंडनमध्ये विद्वानांच्या पंगतीला बसला.

खरं सांगायचं तर लुटारू म्हणून तो यथातथाच. कप्तान म्हणून त्याहून वाईट. १६९९ साली नौदलानं त्याला 'रोबक' जहाज देऊन ऑस्ट्रेलियाकडे पाठवलं. वाटेत लेफ्टनंटशी हाणामारी झाली, तेव्हा त्याला ब्राझीलमध्ये उतरवून तुरुंगात टाकवलं. परतताना १७०१मध्ये असेन्शन बेटापाशी जहाजच बुडालं. पुढे कोर्ट मार्शल झालं, पगार जप्त झाला आणि नौदलाचं जहाज चालवायला हा नालायक, असा शेरा बसला. तरी वर्षभरात नवा परवाना घेऊन स्वारी पुन्हा समुद्रावर. नौदलाला नको असलेला माणूस लुटीला चालत होता.

मग त्याचं नाव राहिलं कशामुळे? त्या कागदांमुळे. १६९७ साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. अ‍ॅव्होकॅडो, फणसासारखं ब्रेडफ्रूट, भाजलेले टोळ, खाण्याच्या काड्या; जे दिसलं, चाखलं, हुंगलं ते त्यानं लिहिलं. दोन वर्षांनी वाऱ्यांवर आणि भरती-ओहोटीवर निबंध आला. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत. डॅम्पियर तेच सांगतो, पण किनाऱ्यावर उभा राहून. सकाळी नऊच्या सुमाराला समुद्राकडचा वारा उठतो, आणि आधी इतका हळू येतो, जणू किनाऱ्याजवळ यायला त्याला भीती वाटते. होडीवर वाढलेला माणूस हे वाचून मान डोलावेल. पुढे कुकसारख्या दर्यावर्द्यांनी त्याची पुस्तकं वापरली, डार्विनही ती वाचत होता.

आपल्या बाजूलाही तो आला होता. १६८८च्या मे महिन्यात निकोबारला त्यानं चाचांची संगत सोडली. त्याच्यासह तिघे इंग्रज, सुमात्रातल्या आचेचे चौघे आणि एक पोर्तुगीज मिश्रवंशी, असे मिळून त्यांनी कुऱ्हाडीच्या बदल्यात एक होडी मिळवली. किनाऱ्यालाच ती उलटली. भिजलेले कागद त्यानं विस्तवाशी बसून एकेक करून वाळवले. मग होडीला दोन्ही बाजूंनी उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे लाकडी आधार, बांधले आणि भर समुद्रातून सुमात्रा गाठलं. वाटेत वादळ आलं. त्या रात्री आपल्या आजवरच्या वागण्याचा पश्चात्ताप झाला, असं तो लिहितो. पश्चात्ताप किती टिकला, ते त्याच्या पुढच्या नोकऱ्यांवरून दिसतंच.

पण नीट टिपणारा डोळा माणसांपाशी आला की अधू व्हायचा. त्याच १६८८ सालच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर त्यानं तिथले मूळ रहिवासी पाहिले. माश्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पापण्या सदा अर्धमिटल्या असतात, हे त्यानं अचूक टिपलं. आणि त्याच दमात त्यांना जगातली सगळ्यांत दीनवाणी माणसं ठरवून टाकलं. ८२ वर्षांनी कुकच्या जहाजावरून निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा न्याहाळत होता. त्यानं कबूल केलंय की डॅम्पियर वाचून मत इतकं बनलं होतं, की लांबवर माणसं आहेत की नाहीत हे कळेना, तरी त्यांचा रंग दिसतोय असं वाटत होतं.

आणि जिओली. अंगभर गोंदवलेला, मिंदानाओजवळच्या बेटावरचा माणूस. त्याला आणि त्याच्या आईला गुलाम म्हणून विकलं गेलं. त्यांच्यात निम्मा वाटा डॅम्पियरचा होता. आई सुमात्रात वारली. डॅम्पियरनं जिओलीला १६९१मध्ये लंडनला आणलं आणि पैशांची चणचण भासताच आपला वाटा विकला. 'रंगीत राजपुत्र' म्हणून लोक त्याला पैसे देऊन बघत. ऑक्सफर्डला देवी येऊन तो गेला.

'रोबक' बुडताना डॅम्पियरनं वाचवलेली ऑस्ट्रेलियातली वाळलेली झाडंफुलं त्याच ऑक्सफर्डच्या विद्यापीठात आजही जपून ठेवली आहेत.

नमस्कार.