टी-पेशी लवकर का थकतात?

मूत्राशयाचा कॅन्सर बायकांपेक्षा पुरुषांना तीन-चार पट जास्त होतो. कारण विचारा, बोट आधी तंबाखूकडे जातं, मग रंगाच्या कारखान्यांतल्या रसायनांकडे. दोन्ही खरंच. पण कधीच सिगारेट न ओढलेल्यांची तुलना केली, तरी पुरुषांचंच पारडं जड राहतं.

2022 साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत नर आणि मादी उंदरांना मूत्राशयाच्या कॅन्सरच्या सारख्याच पेशी टोचल्या. नरांमध्ये गाठ भराभर वाढली. मग टी-पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी, नसलेले उंदीर घेतले, आणि नर-मादी हा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे गोम गाठीत नव्हती, गाठीशी लढणाऱ्या पेशींत होती.

टी-पेशीच्या आत अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पुरुषी हार्मोन पकडणारं प्रथिन, असतो. हो, आत, पृष्ठभागावर नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पेशीत शिरतं, त्याला चिकटतं, आणि ही जोडी केंद्रकात जाऊन कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं बंद, यात हात घालते. गाठीशी रोज झुंजून टी-पेशी तशाही दमतात. पुरुषी हार्मोन त्यांना त्याच वाटेवर आणखी ढकलतं. नर उंदरांचे वृषण काढले, तेव्हा गाठीची वाढ मंदावली.

त्याच वर्षी ओरेगॉनच्या संशोधकांनी दाखवलं, की हा रिसेप्टर टी-पेशीचं एक मुख्य हत्यार, इंटरफेरॉन गॅमा, दाबून ठेवतो.

मग बायकांची बाजू भक्कम? तेही तितकं सरळ नाही. टीएलआर-7 या रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या काही प्रतिकारपेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. विषाणू ओळखायला उत्तम. पण ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि त्याच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

आता औषधांकडे. टी-पेशीवरचा पीडी-1 हा ब्रेक. क्योटोच्या तासुकु होंजोंच्या प्रयोगशाळेनं तो 1992 साली शोधला; 2018 साली होंजोंना नोबेल मिळालं. असे ब्रेक सोडवणारी औषधं स्त्री-पुरुषांत सारखीच चालतात का? 2018 मध्ये अशा औषधांच्या 20 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पुरुषांना फायदा जास्त दिसला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला फरक आढळला नाही. पहिल्या विश्लेषणात 11,351 रुग्ण होते. त्यांत स्त्रिया 3,705.