उजेड कुणावर पडला?

अध्यक्ष आणि मंडळी,

मला दिलेला विषय असा आहे : चित्रपटसमीक्षेने स्त्रियांच्या आणि वेगवेगळ्या वंशांच्या लोकांच्या चित्रणाची दखल घ्यावी का? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोन खोल्या असतात. एका खोलीत सिनेमा, म्हणजे कॅमेरा, संकलन, अभिनय. दुसऱ्या खोलीत समाज. समीक्षकाने पहिल्या खोलीत बसावं आणि सवड मिळाली तर दुसरीत डोकावून यावं, अशी अपेक्षा असते. माझं म्हणणं एवढंच, की या दोन खोल्यांमध्ये भिंतच नाही. आज प्रकाश, संकलन आणि अभिनय या तिन्ही अंगांनी मी ते मांडणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

मी तेव्हा एका साप्ताहिकात परीक्षणं लिहायचे. एका बड्या घरातल्या मालकिणीवरचा सिनेमा आला होता. त्याच्या छायालेखनावर सगळे खूश होते, मीही होते. त्यात रात्रीचा एक प्रसंग होता. मालकीण पलंगाच्या कडेवर बसली आहे आणि घरकामाची बाई मागे उभी राहून तिचे केस विंचरते आहे. मालकिणीच्या चेहऱ्यावर एका बाजूने इतका मऊ उजेड होता, की पापण्यांची सावली गालावर पडलेली दिसत होती. मागच्या बाईचा हात दिसत होता, हातातला कंगवा दिसत होता, कानातलं चमकत होतं. चेहरा मात्र नव्हता. चेहऱ्याच्या जागी काळोख होता.

आणि त्या प्रसंगातलं सगळ्यात जड वाक्य त्या बाईच्या तोंडी आहे. तिचं मूल गेलंय, हे ती मालकिणीला सांगते. ज्या आईचं मूल गेलं तिचं दुःख आपण पाहतो कुठे? मालकिणीच्या चेहऱ्यावर! मला वाटलं, थिएटरातला दिवा मंद असेल. म्हणून दुसऱ्या थिएटरात जाऊन पुन्हा पाहिला. तिथेही तेच.

मी परीक्षणात एक छोटा परिच्छेद लिहिला. दिवा कुठे ठेवलाय, त्याचा उजेड कुणापर्यंत पोचतो, कुणापर्यंत पोचत नाही. बस, एवढंच. अंक हातात आला तेव्हा परिच्छेद गायब, आणि त्या जागी तीन शब्द : ‘छायालेखन अत्यंत नेत्रसुखद’. मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, ते समाजशास्त्र झालं. आपण सिनेमाबद्दल लिहू या.” मंडळी, अहो, मी दिव्याबद्दल लिहिलं होतं! दिव्यापेक्षा जास्त सिनेमा आणखी कशात असतो? ‘नेत्रसुखद’ म्हटलं की कला, आणि कुणाच्या नेत्रांना काय दिसलंच नाही हे सांगितलं की समाजशास्त्र, ही वाटणी मला तेव्हा पटली नाही, आजही पटत नाही.

त्या रागातून मी प्रकाशाविषयी वाचायला लागले आणि मला शर्ली भेटली. शर्ली म्हणजे एक कार्ड. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर आलेत का हे ताडून पाहायला कोडॅक कंपनी लॅबना एक नमुन्याचं कार्ड पुरवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. कंपनीत काम करणाऱ्या शर्ली नावाच्या बाईवरून या कार्डांनाच ‘शर्ली कार्ड’ म्हणायला लागले. पुढे बायका बदलल्या, नाव तेच राहिलं, आणि कातडीही कितीतरी वर्षं गोरीच राहिली. शर्ली बरोबर दिसली की फोटो बरोबर! शाळेच्या वर्गाचा एकत्र फोटो काढला की गोऱ्या मुलांचे चेहरे नीट यायचे आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे आणि दात. आईबापांनी तक्रारी केल्या. पण फिल्मचं रसायन सुधारायला कंपनीला भाग पाडलं ते कुणी, माहीत आहे? लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेने कोडॅकच्या जुन्या माणसांशी बोलून ते लिहून ठेवलं आहे. चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी! गडद आणि फिकट चॉकलेटमधला फरक जाहिरातीत दिसत नव्हता, लाकडांच्या छटा ओळखू येत नव्हत्या. तुम्ही हसताय, हसा, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. मग रात्री झोप लागली नाही. माणसाच्या चेहऱ्यासाठी जे झालं नाही ते लाकडासाठी झालं.

म्हणजे रीळ कॅमेऱ्यात चढवण्याआधीच, त्याच्या रसायनातच, कोण नीट दिसणार हे बऱ्याच अंशी ठरलेलं असायचं. यावर मात करता येत नव्हती असंही नाही. १९६७ साली आलेला ‘इन द हीट ऑफ द नाइट’ चित्रित करताना हॅस्केल वेक्सलर या छायालेखकाने सिडनी पॉइटिए या काळ्या नटाच्या चेहऱ्यासाठी दिव्यांचा नेहमीचा झोत कमी केला. तो झोत गोऱ्या कातडीच्या हिशेबाने ठरलेला होता आणि काळ्या कातडीवर त्याची नुसती चकाकी उठायची. हा निर्णय तंत्राचा की न्यायाचा, सांगा बरं! मला तो वेगळा काढता येत नाही.

बायकांच्या बाबतीतही दिव्याचा आणि भिंगाचा असाच इतिहास आहे. जुन्या हॉलिवूडमध्ये नटीच्या क्लोजअपसाठी भिंगापुढे तलम जाळी लावायचे, चेहरा धूसर आणि गुळगुळीत यावा म्हणून. नटाच्या सुरकुत्या तशाच ठेवायचे, कारण त्या सुरकुत्यांना अनुभव म्हणायचे. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश सिनेअभ्यासक बाईने १९७५ साली पुरुषी नजरेची मांडणी केली तेव्हा अनेकांना वाटलं, हे बाहेरून आणलेलं तत्त्वज्ञान आहे. पण ती कॅमेऱ्याविषयीच बोलत होती. तो कुणाबरोबर पाहतो आणि कुणाकडे पाहतो, हेच ती विचारत होती.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, आता दोन्ही गोष्टी धावत सांगते.

संकलन. १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ सिनेमाच्या अभ्यासक्रमात हमखास असतो, ग्रिफिथ या दिग्दर्शकाच्या समांतर संकलनासाठी. इकडे संकटात सापडलेली माणसं, तिकडे दौडत येणारे घोडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. श्वास रोखून धरायला लावतो. पण घोड्यांवर आहे कोण? कू क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची अमेरिकी संघटना. आणि संकट म्हणून दाखवलेत ते काळे लोक, त्यातही प्रमुख भूमिकांत तोंडाला काळं फासलेले गोरे नट. संकलनाचा तो सगळा वेग प्रेक्षकाला क्लॅनच्या बाजूने टाळ्या वाजवायला लावण्यासाठी कामाला लावला आहे. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच रस्त्यावर उतरून विरोध केला, आणि त्याच वर्षी क्लॅन पुन्हा उभी राहिली. घोडे कुणाचे हे न सांगता त्या संकलनाचं वर्णन करणारा समीक्षक अर्धंच संकलन सांगतो. ऑस्कर मिशॉ या काळ्या दिग्दर्शकाने १९२० साली हेच समांतर संकलन हातात घेतलं आणि एकीकडे काळ्या कुटुंबावर जमावाचा हल्ला, दुसरीकडे काळ्या तरुणीवर गोऱ्या पुरुषाचा हात, असं जोडून दाखवलं. त्याने ग्रिफिथला संकलनाच्या टेबलावरच उत्तर दिलं. याहून चांगली समीक्षा मला ठाऊक नाही.

अभिनय. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मधले चिनी शेतकरी नवराबायको पॉल म्युनी आणि लुइझ रायनर या गोऱ्या नटांनी केले. रायनरला ऑस्कर मिळालं. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकी नटी तेव्हा प्रसिद्ध होती, तिला त्या घरात कलह माजवणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका देऊ केली गेली. तिने ती नाकारली. रायनरचं काम कसं झालं हे लिहिताना वाँगचं नाव न घेणं ही तटस्थता कशी, मला कळत नाही.

आता उलट बाजूचा आक्षेप, आणि तो खरा आहे. समीक्षा म्हणजे हजेरीपट होऊ नये. दोन बायका एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का, ही ॲलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकार बाईची कसोटी १९८५ च्या एका चित्रमालिकेतून आली. त्या कसोटीला उतरणारे रद्दड सिनेमे मी पाहिलेत, न उतरणारे थोर सिनेमेही पाहिलेत. नुसती मोजणी करून ‘पास’ लिहिणाऱ्या परीक्षणाचा मला तितकाच कंटाळा आहे. सिनेमा सुंदर असू शकतो आणि अन्यायीही असू शकतो, आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतात तेव्हा समीक्षकाचं काम सगळ्यात अवघड होतं. पण अवघड म्हणून त्याने अर्धी फ्रेम झाकायची का?

पुन्हा चिठ्ठी. थांबते. तो कापलेला परिच्छेद मी जपून ठेवला आहे, तेवढा वाचू द्या.

“रात्रीच्या प्रसंगात दिवा मालकिणीच्या उशाशी आहे आणि त्याचा उजेड तिच्या खांद्यामागे जात नाही. केस विंचरणाऱ्या बाईचा आवाज कुठेही कापत नाही, म्हणून तिने दुःख गिळलं असं आपल्याला वाटतं. मात्र पुढच्या प्रसंगात, पहाटे, ती खिडकी उघडायला जाते आणि बाहेरचा उजेड दोनच सेकंद तिच्या तोंडावर येतो. डोळे सुजलेले आहेत. म्हणजे त्या काळोखात ही नटी रडत होती.”