उघाडीपाशी अडलेला जिताडा

मित्रहो, मुंबई बंदराचा उपसागर नकाशावर पाहिला, तर उत्तरेकडून ठाण्याची खाडी, पूर्वेकडून पनवेलची खाडी आणि दक्षिणेला करंज्याजवळून धरमतरची खाडी त्याला येऊन मिळालेली दिसते. धरमतरच्या खाडीत सह्याद्रीच्या उतारावरून आलेली अंबा नदी मिळते, आणि अंबेला पेण-नागोठण्याच्या परिसरातले कितीतरी ओढे. म्हणजे घाटाच्या पायथ्याचा एखादा वहाळ आणि घारापुरीभोवतीचे समुद्राचे पाणी हे एकच सलग पाणी आहे. आजच्या व्याख्यानात मला मांडायचे आहे ते एवढेच, की या पाण्यातल्या माशांची समुद्राचे, खाडीचे आणि गोड्या पाण्याचे अशी जी वाटणी आपण बाजारात करतो, ती त्यांच्यातल्या अनेकांच्या आयुष्याला लागू पडत नाही.

काही मासे आपली जागा सोडत नाहीत, हे खरे. निवटी पाहायची असेल, तर ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या कडेला पाच मिनिटे न हलता उभे राहावे. चिखल आधी निर्जीव वाटतो. मग बिळाच्या तोंडाशी दोन फुगीर डोळे दिसतात, आणि पाठोपाठ वीतभर मासा छातीच्या परांवर रेटा देत बाहेर सरकतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन तो उघड्यावर राहतो आणि डोके डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडून खातो. बोंबील आणि मांदेली मात्र भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर फिरतात, म्हणूनच आपल्या कोळी बांधवांनी त्यांच्यासाठी प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधलेली डोल जाळी वापरली. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याची ओढ जोराची; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, मंद. डोलीचे सगळे गणित या ओढीवर चालते.

बोय या माशांची गोष्ट वेगळी आहे. त्या अंडी समुद्रात घालतात, पण त्यांची पिल्ले खाडीच्या उथळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात. नदीतली वाम तर वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात काढते आणि आयुष्यात एकदाच, प्रजननासाठी, समुद्राकडे निघते. चिवणी खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातली; मृगाचा पहिला दणका बसून गढूळ पाणी शेतांतून खाली धावू लागले, की पोटात अंडी घेऊन ती त्या लोंढ्याच्या विरुद्ध वर चढते. तिच्याबरोबर ओढ्यांतले, नदीतले इतर मासेही चढतात. यालाच आपण वलगण म्हणतो. त्या रात्री बॅटऱ्या आणि पाग, आसू अशी मासे धरायची साधने घेऊन गावेच्या गावे बांधावर उतरतात. तो आनंद मी लहानपणी भोगला आहे आणि चिवणीचा काटा हाताला लागल्यावर रात्रभर चढणारी कळही सोसली आहे. तरीही सांगतो, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना आपण समुद्रात मासेमारीबंदी करतो ती मासे विणीवर असतात म्हणून, आणि त्याच दिवसांत ओढ्यात मात्र अंड्यांनी भरलेली मादी हौसेने उचलतो. थोडी वलगण घरच्या कालवणापुरती धरणे आणि ओढ्याच्या तोंडावर आडवे जाळे लावून एकही मासा वर जाऊ न देणे, या दोन सारख्या गोष्टी नव्हेत.

आता जिताड्याकडे येतो. पेण-अलिबागकडचा माणूस त्याच्याविषयी घाईने बोलूच शकत नाही. गोव्यात हाच चोणक आणि बंगालमध्ये भेटकी. रात्री बॅटरीच्या झोतात याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, मोठे झाल्यावर, मादी होतात. त्यामुळे आपण नेमके मोठमोठे जिताडे वेचून काढतो, तेव्हा मुख्यतः माद्याच काढत असतो. प्रजननाला त्याला खारे पाणी लागते, पण पिल्ले भरतीबरोबर खाडीत, खाजणात म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, आणि पुढे गोड्या पाण्यापर्यंत येतात. आमच्याकडे पावसाळ्यात ही बोटभर पिल्ले खाडीतून धरून शेतातल्या तळ्यात सोडण्याची जुनी रीत आहे. तळ्यात ती झपाट्याने किलोकिलोची होतात, परंतु तिथे त्यांची वीण होत नाही. तळे कितीही जपले, तरी दरवर्षीचे बियाणे खाडीच देते.

ही वाट जिथे अडते ती जागा म्हणजे उघाडी. खारभूमीच्या बांधात बसवलेली ही झडप ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीचा दाब आला, की मिटते. भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवायचे तर ती हवीच. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण पिल्ले येतात ती भरतीबरोबर, म्हणजे नेमकी झडप मिटलेली असताना. पावसाळ्यात खाडीचे पाणी नदीच्या पुरामुळे बरेच गोडसर झालेले असते. अशा वेळी जिथे शेताला धोका नाही, तिथे एखादी झडप भरतीच्या सुरुवातीला थोडा वेळ उघडी धरता येईल का, हा प्रश्न शेतकरी आणि कोळी यांनी एकत्र बसून सोडवण्यासारखा आहे. कोणत्या उघाडीपाशी पिल्ले साठतात, कोणत्या तिथीला किती पाणी चढते आणि ते कोणत्या शेतापर्यंत पोचते, हे सांगू शकणारी माणसे आजही प्रत्येक गावात आहेत. या पावसाळ्यात आपापल्या गावच्या उघाडीवर एक भरती उभे राहून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. पाणी जरा निवळ असेल, तर झडपेच्या बाहेरच्या अंगाला, दगडांच्या आडोशाने, प्रवाहाकडे तोंड करून थांबलेली बोटभर लांबीची जिताड्याची पिल्ले दिसतील.