होडी शिवताना

मंडळी, बोलायला लागण्याआधी ही पुठ्ठ्याची होडी पहिल्या रांगेपासून मागे फिरवतो. हातात घ्या, दाबून बघा. पाच तुकडे आहेत: तळ, दोन बाजू, पुढची फळी, मागची फळी. सुटे असताना लिबलिबीत होते, आता अंगठ्याने दाबलं तरी दबत नाहीत. पुठ्ठा तोच आहे. बाजू वाकवून तळाच्या कडेला जोडल्या, त्या वाकण्यातून हा ताठपणा आला. घरी होडी बांधायची असेल तर फुटाला एक इंच धरून आधी अशी पुठ्ठ्याची करा. इथे जी कड जुळत नाही, ती प्लायवुडमध्येही जुळणार नाही.

मी ज्या होडीबद्दल बोलणार आहे ती साडेसात फुटांची आहे. आठ बाय चारच्या, सहा मिलिमीटरच्या दोन शीट्समधून निघते. वजन तीस किलोच्या आत, दोघं सहज उचलतात. दोन माणसं बसली की होडीसकट साधारण १६० किलो भार होतो, म्हणजे तिने १६० लिटर पाणी बाजूला सारायला हवं. तळ १.६ चौरस मीटर असेल तर ती पाण्यात बसते फक्त दहा सेंटिमीटर, गुडघाभर पाण्यातही आरामात चालते. खाडीसाठी याहून मोठी होडी लागत नाही. मोठीचे बेत आखत राहिलेले बरेच जण मी पाहिलेत. छोटी मात्र बांधून होते आणि वापरलीही जाते.

ही होडी ठोकायची नाही, शिवायची. आपल्या किनाऱ्याला हा शब्द परका नाही. अरबी समुद्रात शतकानुशतकं फळ्यांना भोकं पाडून, काथ्याच्या दोरीने टाके घालून गलबतं बांधली गेली. गोव्यात तर आपल्या डोळ्यांदेखत तसं एक जहाज उभं राहिलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून ते बेतलं, केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. त्याचे टाके कायमचे असतात. लाट आदळली की सगळं अंग थोडं लवतं आणि पुन्हा जागेवर येतं.

प्लायवुडच्या होडीत टाका असतो, पण तो शिंप्याचा कच्चा धावदोरा. पक्की शिवण बसली की उसवून टाकायचा. ही पद्धत इंग्लंडची. सुतारकाम शिकवणारे शिक्षक केन लिटलडाइक यांनी ती छोट्या कनूंसाठी, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्यांसाठी, बसवली. पुढे टीव्हीवर घरगुती दुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे रचनाकार जॅक होल्ट यांनी तीच घेऊन दहा फूट दहा इंचांची ‘मिरर’ नावाची शिडाची होडी तयार केली. ‘डेली मिरर’ वृत्तपत्राने १९६३ मध्ये तिचा संच बाजारात आणला. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, शीड लाल. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी घरच्या गॅरेजमध्ये. या गोष्टीने मी भारावलो ते यासाठी, की होडी हे पैसेवाल्याचं खेळणं राहिलं नाही.

आता हाताचं काम. शीट घेताना आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय, हा शिक्का बघा, पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. माझ्या पहिल्या होडीच्या शीटवर शिक्का होता, तरी दुसऱ्या पावसाळ्यात तळाचे थर पापडासारखे सुटले. तेव्हापासून मी वीतभर तुकडा पातेल्यात तासन् तास उकळतो, वाळवतो, पुन्हा उकळतो. थर सुटला तर ते शीट घेत नाही.

तुकडे कापले की कडेपासून सेंटिमीटरभर आत, दर सहा इंचांवर भोकं पाडायची. तांब्याची तार ओवून बाहेरच्या बाजूने पीळ द्यायचा. तासाभरात सपाट तुकड्यांची होडी उभी राहते आणि माणूस हरखून जातो. इथेच घाई नडते. थांबा. पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा आणि मागे उभं राहून एक डोळा मिटून बघा. दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. मी हे केलं नव्हतं. माझी होडी बोटभर पिळलेली होती आणि सांध्यांत भरायची इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की दगडासारखी घट्ट होणारी खळ, बसल्यावर तो पीळ कायमचा झाला. दोन्ही वल्ही सारख्या जोराने मारली तरी ती डावीकडे जायची. खाडीपलीकडच्या एका तांडेल काकांनी ती वाळूत उपडी पडलेली पाहूनच हा दोष सांगितला होता. त्यांनी ना पट्टी ठेवली, ना दोरी लावली. ती नजर माझ्याकडे नाही, म्हणून मला पट्ट्या लागतात.

इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि आतल्या सांध्यांत भरून चमच्याच्या पाठीने गोलसर फिरवा. ते बसलं की तारा काढा, आतून-बाहेरून फायबरग्लास कापडाची पट्टी चिकटवा. आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट जपावी लागते. हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा दुसरा द्रव, मिसळल्यावर इपॉक्सी स्वतःच तापते. मे महिन्यात मी ती खोल डब्यात ठेवली होती. दहा मिनिटांत डब्यातून धूर निघाला आणि सगळा माल दगड झाला. आता मी ती लगेच परातीत पसरतो, पातळ थरातून उष्णता निघून जाते. आणि लाकडावर इपॉक्सीचा हात सकाळी देऊ नका. ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे उठतात. उतरत्या उन्हात द्या, लाकूड थंड होताना इपॉक्सी आत ओढून घेतं.

रंगकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंग हवाच, कारण ऊन इपॉक्सीला खातं.

पाण्यात उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे कमरेएवढ्या शांत पाण्यात ती मुद्दाम बुडवायची. बसायच्या फळीखाली बूच घट्ट लावलेल्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या जाळ्यात बांधा. एक बाटली जवळजवळ दोन किलो भार तोलते, तेव्हा वीस बाटल्यांचे चाळीस किलो झाले. काठोकाठ भरलेली होडी तरंगत राहते का, तिला धरून राहता येतं का, बादलीने पाणी उपसता येतं का, हे काठाजवळच कळू द्या. वल्ही आणि बादली दोरीने बांधलेली असू द्यात. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नको.

भरती-ओहोटीचं गणित आपल्या आज्या-आजोबांना तोंडपाठ होतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. थोडं पुढेमागे होतं, खाडीत आत जाल तशी ती उशिरा पोचते, पण अंदाजाला पक्कं. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर परतायचं. ओहोटीचा ओढा मुखाकडे असतो आणि समोरून वारा आला की मुखाशी लाटा उभ्या राहतात, तेव्हा या होडीने तिकडे जायचंच नाही.

उद्या षष्ठी आहे. साडेचारला भरती. ज्यांना बसून बघायचंय त्यांनी साडेतीनला धक्क्यावर या. लाइफ जॅकेटं दोनच आहेत, त्यामुळे माझ्याबरोबर एका वेळी एकालाच नेता येईल.