अकरा तासांचं एक रीळ

मेक्सिकोतल्या युकातानमधलं जुन्या पद्धतीचं माया घर लंबगोल असतं. झावळ्यांचं छप्पर, समोरासमोर दोन दारं, खिडकी एकही नाही. भिंती उभ्या काठ्यांच्या. सकाळी त्या फटींतून उन्हाच्या तिरिपा आत येतात आणि चुलीच्या धुरात लख्ख दिसतात. चूल तीन दगडांची, आपण शेतावर मांडतो तशीच. माया भाषेत तिला 'कोबेन' म्हणतात.

या घराचा दिवस टिपायला बाजारातला कॅमेरा पुरेना. चावीचा बोलेक्स कॅमेरा गच्च पिळला तरी २८ सेकंदांत थांबतो. इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरत ठेवतात, दुसऱ्या दिवशी दळतात. या सगळ्याचे २८-२८ सेकंदांचे तुकडे पाडले की सगळं दिसतं, फक्त वाट पाहणं दिसत नाही.

म्हणून हा डबा, हाच आमचा कॅमेरा. याला भिंग नाही. पितळी पत्र्याला पाव मिलिमीटरचं भोक आणि त्यामागे ५० मिलिमीटरवर फिल्म. अंगणातल्या सावलीत एका फ्रेमला दहा सेकंद उजेड लागतो. १६ मिलिमीटर फिल्मच्या १०० फुटी रिळात ४००० फ्रेम. हा गुणाकार केला आणि अंगावर काटा आला. अकरा तास! हिवाळ्यात इथला दिवस जवळपास तेवढाच असतो. सूर्य आणि दिवस, दोन्हींना माया भाषेत शब्दही एकच, 'किन'. म्हणजे एका रिळात एक किन. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम पळतात, तिथे तो पावणेतीन मिनिटांत मावळतो.

दहा सेकंदांत जे हलतं ते विरतं. भरतकाम करणाऱ्या बाईचे हात धुक्यासारखे येतात, तिची खुर्ची ठळक येते. दाणे टिपत फिरणाऱ्या कोंबड्या तर उमटतच नाहीत.

पण कुणाच्या घरावर दिवसभर डोळा लावायचा, तर तो मिटण्याचा हक्क त्या घराचाच. म्हणून भोकावर लाकडी झडप आहे. घरच्यांनी ती हवी तेव्हा पाडायची, हवी तेव्हा उचलायची. आम्हाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. आत फिल्म सरकतच राहते. झडप दहा मिनिटं बंद राहिली तर साठ फ्रेम काळ्या, पडद्यावर अडीच सेकंदांचा अंधार. तो अंधार आम्ही कापणार नाही.

झडपेला आधी बारीक खिटी होती. मक्याच्या पिठाने भरलेल्या हातांनी ती धरता येईना. आता कोपराने ढकलली तरी झडप पडते.