मुखवटा घातलेला पाद्री

गोव्यात फुटबॉल आणला तो एका पाद्रीने. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स, साल १८८३, गाव शिवोली. त्यामुळे मुलांबरोबर मैदानात उतरणाऱ्या फादरचं आपल्याला नवल नाही. पण झगा उतरवून, मुखवटा चढवून, तिकीट काढून आलेल्या गर्दीसमोर कुस्ती खेळणारा पाद्री?

मेक्सिकोत हे खरोखर घडलं. फादर सेर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ यांच्याकडे अनाथ मुलं होती आणि त्यांना जेवू घालायला पैसा नव्हता. पाद्री-पैलवानाची गोष्ट मेक्सिकन पडद्यावर १९६३ सालीच येऊन गेली होती. तिथून त्यांनी स्फूर्ती घेतली. ‘फ्राय तोर्मेन्ता’ या नावाने ते वीस वर्षांहून अधिक काळ रिंगणात उतरत राहिले.

त्यांच्या आयुष्यावरून २००६ साली हॉलिवूडने विनोदी चित्रपट काढला, ‘नाचो लिब्रे’. दिग्दर्शक जॅरेड हेस, नायक जॅक ब्लॅक. नायक इग्नासिओ मठात आचारी आहे. मुलांच्या ताटात रोज तीच बेचव पातळ पेज वाढताना त्याला लाज वाटते. पहिली कुस्ती तो हरतो, तरी हातात पैसे पडतात. हरणाऱ्यालाही मोबदला मिळतो!

केवढी मोठी जागा होती ही! मार खाऊन मुलांसाठी भाजी आणणारा माणूस. चित्रपट तिथे थांबतच नाही. तो पुन्हापुन्हा वळतो नायकाच्या सुटलेल्या पोटाकडे, घट्ट चड्डीकडे, त्याच्या ओढूनताणून काढलेल्या उच्चारांकडे. मुलं मागे राहतात, आणि ती मागे राहिली की मारामारीलाही अर्थ उरत नाही.

पेडण्याकडच्या जत्रेत दशावतार पाहिलेल्यांना हे लगेच जाणवेल. काळ्या वेशातला संकासुर लोकांना पोट धरून हसवतो. पण त्याने वेद चोरलेत, हे कुणी विसरत नाही. विष्णू समोर आला, पखवाज आणि झांज चढली, की तीच हसणारी माणसं सावरून बसतात. विनोदाने युद्धाची धार बोथट होत नाही, कारण काय पणाला लागलंय ते नट आणि प्रेक्षक दोघांनाही ठाऊक असतं. ‘नाचो लिब्रे’त नेमकं हेच हरवलं, आणि खरी गोष्ट इतकी जिवंत असताना हरवलं याचं मला फार वाईट वाटतं.

एक माणूस मात्र शेवटपर्यंत खरा वाटतो. खलनायक रामसेस. ती भूमिका केली सिल्व्हर किंग या मेक्सिकोच्या खऱ्याखुऱ्या पैलवानाने, सेसार गोन्सालेसने. शेवटच्या कुस्तीत त्याची पकड बघा, दोरावरून घेतलेली झेप बघा. हे अंग वर्षानुवर्षं रिंगणात घडलेलं आहे. मे २०१९मध्ये लंडनला कुस्ती चालू असतानाच तो कोसळला आणि गेला. त्याच्यासाठी हा चित्रपट एकदा जरूर पाहा.